कारण आहे, म्हणून काय?

"माणसाला इच्छास्वातंत्र्य नाही, हे आता विज्ञानाने सिद्ध केलंय." हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे कानांवर आलंय, की ते कुणी, कधी आणि कशावरून सिद्ध केलं असं विचारणाराच अडाणी ठरतो. समोरचा पक्षही काही कमी नाही. जाणीव हे असं गूढ आहे की तिथे भौतिकशास्त्राचे नियम पोचतच नाहीत, असं तो म्हणतो. आणि फारच अडचण झाली तर क्वांटम सिद्धान्त हाताशी असतोच. एकाकडे मेंदूची रंगीत चित्रं, दुसऱ्याकडे अनिश्चिततेचं तत्त्व. दोघं तावातावाने भांडतात, आणि गंमत अशी की मूळ मुद्द्यावर दोघांचं एकमत असतं: निर्णयामागे कारण असेल तर तो निर्णय स्वतंत्र नव्हे. एकाला कारण सापडलं म्हणून स्वातंत्र्य गेलं. दुसऱ्याला खात्री आहे की कारण सापडणारच नाही, म्हणून स्वातंत्र्य शाबूत. वाद बिघडतो तो या एकमतापाशी.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. आपल्या प्रत्येक निर्णयामागे कारणं असतात, ती मेंदूत घडतात आणि मेंदू निसर्गाच्या नियमांना अपवाद नाही, हे मला मान्य आहे. आणि तरीही माणूस स्वतंत्र असू शकतो. कमी-जास्त प्रमाणात असतो. अमुक माणूस अमुक वेळी किती स्वतंत्र होता, हे बऱ्याच अंशी तपासून पाहता येतं. कारण असणं निराळं, बळजबरी असणं निराळं. या दोहोंची गल्लत झाली की एका टोकाला 'सगळेच निर्दोष' आणि दुसऱ्या टोकाला 'आत्म्याला काही शिवत नाही' अशी दोन सोपी उत्तरं मिळतात, आणि दोन्हींचा खऱ्या माणसाच्या खऱ्या निर्णयाशी फारसा संबंध उरत नाही.

ज्या प्रयोगाचा दाखला सर्वांत जास्त दिला जातो, तो अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा, १९८३ चा. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेला माणूस एका घड्याळासमोर बसतो. घड्याळात एक ठिपका २.५६ सेकंदांत फेरी पुरी करतो. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते नंतर सांगायचं. मेंदूतली विद्युत-हालचाल मनगट हलण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधीच सुरू झालेली दिसली, आणि माणसाला 'आता हलवावं' असं वाटलं ते मात्र केवळ पंचमांश सेकंद आधी. ही पूर्वतयारीची लहर नवी नव्हती. कॉर्नह्यूबर आणि डीके या जर्मन संशोधकांनी ती १९६५ मध्येच नोंदवली होती. लिबेट यांनी तिला जाणिवेच्या घड्याळाशी जोडलं, आणि निष्कर्ष काढणाऱ्यांनी काढला: मेंदू आधी ठरवतो, आपल्याला मागाहून कळवतो.

एका दुपारी मी हे स्वतःवर करून पाहिलं. इलेक्ट्रोड नव्हते, पण घड्याळ होतं. सेकंदकाट्यावर नजर लावली, उजव्या हाताची तर्जनी टेबलावर टेकवली आणि वाटेल तेव्हा ती उचलायची असं ठरवलं. पहिल्या पाच-सात खेपांना मजा वाटली. मग ध्यानात आलं की मी काही ठरवतच नाहीये. बोट आत्ता उचलावं की तीन सेकंदांनी, याला माझ्याकडे कसलंच कारण नव्हतं. शिंकेची वाट पाहावी तशी मी इच्छेची वाट पाहत होतो. त्या दुपारी मी खरोखर ठरवलं होतं ते एवढंच, की काम बाजूला ठेवून हा उद्योग करायचा. लिबेट यांच्या प्रयोगातही तसंच नाही का? सहभागी माणसाने खरा निर्णय घेतला तो प्रयोगाला हो म्हणताना, सूचना ऐकून खुर्चीत बसताना. पुढचं मनगट हलवणं ही त्या निर्णयाची किरकोळ अंमलबजावणी. ज्या कृतीला कारण नको अशी अटच घातली आहे, तिच्यावरून कारणं तोलून घेतलेल्या निर्णयांबद्दल बोलायचं, म्हणजे माणसाच्या चालण्याचा अभ्यास त्याच्या अडखळण्यावरून करण्यासारखं आहे.

२०१२ मध्ये आरोन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर त्या लहरीचाच वेगळा अर्थ लावला. मेंदूतली हालचाल एरवीही वरखाली होतच असते. हलण्याचं काही खास कारण नसेल तेव्हा हा चढउतार एक उंबरठा ओलांडतो आणि हात हलतो. हात हलल्या क्षणापासून मागे मोजत अशा अनेक नोंदींची सरासरी काढली की आपोआपच हळूहळू चढत गेलेली रेषा दिसते. ती 'आधीच झालेला निर्णय' असलीच पाहिजे असं नाही. २००८ मधला दुसरा गाजलेला प्रयोग सांगतो की माणूस डावं बटण दाबणार की उजवं, हे मेंदूच्या स्कॅनवरून कित्येक सेकंद आधी ओळखता येतं. ओळखता येतं ते साधारण शंभरात साठ वेळा. नाणं उडवून पन्नास वेळा येतंच.

पण या त्रुटींवर मला माझा दावा टांगायचा नाही. समजा, उद्या असं यंत्र निघालं की ते शंभरात शंभर वेळा बरोबर सांगेल. मग काय बिघडलं? सचोटीच्या माणसाबद्दल 'तो पैसे खाणं शक्यच नाही' असं आपण छातीठोकपणे म्हणतो, आणि ते भाकीत खरं ठरतं, तेव्हा आपण त्याला गुलाम म्हणत असतो का? उलट त्याच्या वागण्याचा भरवसा वाटतो, कारण ते त्याच्या स्वभावातून, त्याला पटलेल्या गोष्टींतून येतं. ज्याचं वागणं कुणालाच, त्याला स्वतःलासुद्धा, आधी सांगता येत नाही, त्याला आपण मुक्त म्हणत नाही. त्याची काळजी करतो. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी १८१४ मध्ये कल्पिलेली ती सर्वज्ञ बुद्धी, विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि गती जाणून भूत-भविष्य सारखंच पाहणारी, तिने मी उद्या काय करणार हे जाणलं तरी ते करणारा मीच असेन.

क्वांटमवाल्यांची सोय याहून जुनी आहे. डेमोक्रिटस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या अणूंच्या जगात सगळं ठरीव होतं. ते त्याच्यानंतरच्या एपिक्युरस या तत्त्वज्ञाच्या परंपरेला रुचलं नाही, म्हणून अणू पडता पडता मधेच विनाकारण किंचित वळतो अशी पुस्ती तिने जोडली. १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांचं अनिश्चिततेचं तत्त्व आलं, म्हणजे कणाची जागा आणि गती एकाच वेळी अचूक सांगता येत नाही असं, आणि तीच पुस्ती नव्या कपड्यांत परतली. पण माझ्या डोक्यातला एखादा कण विनाकारण उडाला आणि त्यापायी मी राजीनामा लिहिला, तर तो राजीनामा माझा कसा? फासे पडण्यात स्वातंत्र्य शोधणं म्हणजे साखळीच्या जागी भोवरा बांधून घेणं. याहून जास्त शब्द या मुद्द्यावर खर्चावेत असं मला वाटत नाही.

नियतिवादाची खरी भीती वेगळ्याच गोष्टीची असते, आणि मराठीत तिला एक नेमकी म्हण आहे: असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी. सगळं ठरलेलंच असेल तर उठायचं कशाला? ग्रीकांकडे याच युक्तिवादाचं नाव 'आळशी युक्तिवाद' असं होतं. आजारी माणूस बरा होणं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, तो बरा होणारच. नसेल तर वैद्याचा उपयोग नाही. तेव्हा वैद्य बोलावूच नये. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात क्रिसिपस या स्टोइक तत्त्वज्ञाने यातली चूक दाखवली. तो स्वतः कट्टर नियतिवादी. त्याचं म्हणणं असं की बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्य बोलावणंही त्याच ठरलेल्यात आहे. बरं होण्याचा रस्ता वैद्याच्या दारावरूनच जातो. म्हणजे प्रयत्न हा नियतीच्या साखळीतलाच एक दुवा आहे. तो काढून घेतला तर पुढचे दुवे आपोआप जागच्या जागी राहत नाहीत.

आपल्याकडे हीच लढाई याहूनही आधी झाली. मक्खली गोशाल हा आजीवक या नियतिवादी पंथाचा आचार्य बुद्धाचा समकालीन. दोऱ्याची गुंडी फेकली की ती दोरा संपेपर्यंत उलगडत जाते, तसं शहाणा असो वा मूर्ख, प्रत्येकाचं भोगणं ठरल्याप्रमाणे उलगडून संपणार, प्रयत्न आणि पराक्रम असं काही नाहीच, असं त्याचं मत बौद्ध ग्रंथांत नोंदलेलं आहे. विरोधकांनी केलेली नोंद म्हणून ती थोडी चिमटीत धरूनच घ्यावी. बुद्धाने या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली: थंडीत गार, उन्हाळ्यात गरम, अंगाला खरखरीत, विणलेल्या वस्त्रांत सगळ्यांत निकृष्ट. आता गोशालाला इतकं झोडपणारा हा माणूस कारणं नाकारणारा होता का? अजिबात नाही. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही, हा तर त्याच्या विचाराचा कणा. शिवाय कारणसाखळीच्या बाहेर बसलेला नित्य आत्माही त्याने मानला नाही. दुःखाला कारण आहे म्हणूनच ते हटवता येतं, ही त्याची भूमिका. कारण आणि हतबलता यांची फारकत इतक्या आधी, इतक्या स्पष्टपणे झालेली असताना, आपण मेंदूची चित्रं पाहून पुन्हा गोशालाच्या गुंडीपाशी का येतो?

येतो खरे. 'बुद्धिः कर्मानुसारिणी' आणि 'यत्न तो देव जाणावा' ही दोन्ही वचनं आपण एकाच दिवशी, आपल्या सोयीने वापरतो: दुसऱ्याचं अपयश समजावताना एक, मुलाला अभ्यासाला बसवताना दुसरं. लोकमान्य टिळकांना 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक अख्खं प्रकरण लिहावं लागलं, आणि ते त्यांनी लिहिलं मंडालेच्या तुरुंगात. त्यांचं उत्तर वेदान्ताच्या अंगाने जातं, माझं तसं जात नाही. पण बाहेरची कुलपं आणि आतलं स्वातंत्र्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तिथे बसून लिहिणाऱ्याला कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

मग ते आतलं स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय? मला ते कळलं फोनमुळे. रात्रीचा एक वाजलेला असतो. दिवा मालवलेला, उजेड फक्त तळहातातला. सकाळी सहाला उठायचंय, डोळे चुरचुरताहेत, समोर जे चाललंय त्यात मला काडीचा रस नाही, हे सगळं मला ठाऊक असतं. 'बास आता' असं मी चक्क पुटपुटतो, आणि अंगठा आणखी एकदा वर सरकतो. पुटपुटणं आणि सरकणं यांच्यामध्ये ठरवणं असं काही घडतच नाही. माझ्या कपाळावर कुणी पिस्तूल टेकवलेलं नाही. भौतिकशास्त्राचे नियम दुपारी होते तेच आहेत. तरी त्या वेळी मी फारसा स्वतंत्र नसतो. झोप, उद्याचं काम, डोळ्यांची आग, थांबायची सगळी कारणं डोक्यात हजर असतात. ती अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत. स्वातंत्र्य म्हणजे माझ्या मते हे पोचणं. आपल्याला पटलेली कारणं आपल्या कृतीपर्यंत पोचण्याची क्षमता. ती कुणात कमी, कुणात जास्त. एकाच माणसात सकाळी बरी आणि रात्री एकला वाईट.

एका रविवारी मी चार्जर उचलला आणि बाहेरच्या खोलीतल्या प्लगला लावला. फोन हाताच्या अंतरावर असला की अंगठा चालतो, हे मला कळलं होतं. म्हणून अंतर वाढवलं. यात ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की माझा मेंदू कारणांनी बांधलेला नसता तर चार्जर हलवून काडीचाही उपयोग झाला नसता. हात आणि फोन यांच्यात कार्यकारणसंबंध आहे म्हणूनच तो तोडता आला. आता कुणी म्हणेल, चार्जर हलवण्यामागेही कारणं होतीच: सकाळचं जड डोकं, कामात झालेली एक लाजिरवाणी चूक. होती ना. ती कारणं यावेळी पोचली, एवढाच माझा मुद्दा आहे.

एक प्रकरण याहून फार गंभीर आहे. अमेरिकेत २००० साली एका चाळिशीतल्या शिक्षकाला अचानक लहान मुलांविषयी लैंगिक ओढ निर्माण झाली. हे चूक आहे हे त्याला कळत होतं, पण आवरत नव्हतं. गुन्हा दाखल झाला, आणि शिक्षा व्हायच्या सुमारास असह्य डोकेदुखीने तो रुग्णालयात पोचला. मेंदूच्या पुढच्या भागात मोठी गाठ निघाली. ती काढली, ओढ गेली. काही महिन्यांनी ओढ परतली, तपासलं तर गाठ पुन्हा वाढली होती. पुन्हा काढली, पुन्हा गेली. २००३ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. 'स्वातंत्र्य नाहीच' म्हणणारे याचा अर्थ असा लावतात की खोलात गेलं तर आपल्या सगळ्यांची सगळी वागणूक अशीच गाठीसारखी आहे, फक्त ती स्कॅनमध्ये दिसत नाही. मी नेमकं उलटं वाचतो. गाठ असताना आणि नसताना, दोन्ही वेळी त्या माणसाचा मेंदू निसर्गनियमांनीच चालत होता. नियतिवाद दोन्हीकडे सारखा. मग फरक कशात पडला? 'सगळंच गाठ' म्हटलं की हा फरक सांगायला शब्दच उरत नाही, आणि शस्त्रक्रियेने त्या माणसाला काय परत मिळालं तेही सांगता येत नाही.

अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की हे 'स्वातंत्र्य नाहीच' या बाजूचे आजचे सर्वांत दमदार वकील. २०२३ मध्ये त्यांनी हा खटला सविस्तर मांडला, आणि त्यांचा एक दाखला खरोखर हलवून सोडतो: अपस्माराचा. एके काळी फिट येणाऱ्याला भुताने झपाटलेला ठरवून छळलं जाई. मेंदूतला बिघाड कळला, दोष देणं थांबलं, आणि जग काही कोसळलं नाही. उलट थोडं माणुसकीचं झालं. तेच इतर साऱ्या वागणुकीबद्दल करत जायचं, असं ते सांगतात. हा युक्तिवाद अर्धा मला पूर्ण मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी अपस्माराचाच एक खटला पाहू. न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयापुढे तो १९५६ मध्ये आला. आपल्याला फिट येतात हे ठाऊक असलेला एक माणूस एकटा गाडी घेऊन निघाला, वाटेत फिट आली, गाडी पदपथावर चढली आणि चार मुलं मेली. फिट आल्यानंतरच्या क्षणांबद्दल त्याला कुणी दोष देत नव्हतं; तिथे तो काही करत नव्हता, त्याला काही होत होतं. प्रश्न होता चावी फिरवण्याचा. त्या वेळी त्याला धोका माहीत होता, थांबायचं कारण समोर होतं आणि ते कारण पोचायला मेंदूत अडसर नव्हता. तेव्हा खटला चालू शकतो असं न्यायालयाने ठरवलं. फिट आणि चावी या दोहोंमागे मज्जापेशीच आहेत, म्हणून दोन्ही सारख्याच, असं म्हणणाऱ्याने या दोन क्षणांतला भेद कुठे ठेवायचा?

तरी सापोल्स्कींच्या बाजूचा एक मुद्दा मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. कुणीही आपला मेंदू, आपले आईबाप, आपलं बालपण निवडून जन्माला येत नाही. ज्या स्वभावातून मी निवडतो, तो मी निवडलेला नाही. तो घडवण्यात पुढे माझा हात असला तरी त्या हातालाही आधीच वळण लागलेलं होतं. मागे मागे गेलं की शेवटी नशीबच उरतं. हे मान्य केलं की एक गोष्ट सोडावी लागते: 'त्याने भोगलंच पाहिजे, त्यातून कुणाचं काही भलं होवो न होवो' ही सूडाची भावना. तिला पाया राहत नाही. ती माझ्यातही उसळते, विशेषतः बातम्या वाचताना. पण उसळते म्हणून खरी ठरत नाही.

सोडावी लागते ती एवढीच. जबाबदारी सुटत नाही, आणि इथे मराठी शब्द फार उपयोगी पडतो. जबाबदार म्हणजे जो जबाब देऊ शकतो. 'हे तू का केलंस?' असं विचारल्यावर ज्याला कारण सांगता येतं, ते चुकीचं होतं हे समजावून दिलं तर समजतं, आणि समजलेलं पुढच्या वेळी वागण्यात उतरतं, तो जबाबदार. वादळाला कुणी जबाब विचारत नाही, दीड वर्षाच्या पोराला विचारत नाही, गाठीला विचारत नाही. १९२४ मध्ये शिकागोत लिओपोल्ड आणि लोब या दोन श्रीमंत तरुणांनी एका मुलाचा निव्वळ थरारासाठी खून केला. त्यांचे वकील क्लॅरन्स डॅरो हे मनापासून नियतिवादी. आनुवंशिकता आणि परिस्थिती यांनी माणूस घडतो, त्याचा दोष कुणाला द्यायचा, अशी त्यांची लांबलचक विनवणी वकिलीच्या इतिहासात अजून नावाजली जाते. फाशी टळली. पण न्यायाधीशांनी मुख्य कारण दिलं ते विश्वाच्या कारणसाखळीचं नव्हतं. आरोपींचं वय, एकोणीस आणि अठरा. डॅरोंचा सिद्धान्त साठीच्या खुन्यालाही तितकाच लागू पडला असता, आणि जे सगळ्यांना सारखं लागू पडतं त्यावरून यालाच सूट का, हे ठरवता येत नाही. वय मात्र क्षमतेबद्दल काही सांगतं.

आता जाणिवेकडे. वादात ती नेहमी शेवटच्या हुकमासारखी उतरवली जाते. मेंदूतल्या हालचालींतून 'अनुभव' का निर्माण व्हावा, लाल रंग दिसण्याला आतून तसं काहीतरी वाटणं का असावं, या प्रश्नाला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं, आणि तो खरोखर अवघड आहे. १९९८ मध्ये त्यांनी मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉक यांच्याशी पैज मारली होती: पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल की नाही. २०२३ मध्ये कॉक यांनी हार मान्य करून वाइनच्या बाटल्या पोचत्या केल्या. पण समजा कॉक जिंकले असते. किंवा समजा उद्या सिद्ध झालं की जाणीव हे विश्वाचं मूलद्रव्यच आहे. रात्री एक वाजता माझ्या अंगठ्याचं काय? तो तितकाच स्वतंत्र किंवा परतंत्र राहिला असता. जाणिवेचं गूढ हे स्वातंत्र्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ते शेजारचं घर आहे, आणि आपण भाडेकरूचा पत्ता विचारत चुकून त्याचं दार ठोठावतोय.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे. जाणीव ही इंजिनाच्या शिट्टीसारखी, गाडी ओढण्यात तिचा काहीच वाटा नाही, असं इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले १८७४ मध्येच म्हणून गेले. मेंदूचे दोन अर्धगोल शस्त्रक्रियेने विलग केलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगांनी या शंकेला बळ दिलं. मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गझानिगा यांच्या एका प्रयोगात रुग्णाच्या उजव्या अर्धगोलाला बर्फाचं दृश्य दाखवलं आणि डाव्याला कोंबडीचा पाय. त्याच्या डाव्या हाताने, म्हणजे उजव्या अर्धगोलाने, फावड्याचं चित्र निवडलं. का, असं विचारल्यावर बोलणारा डावा अर्धगोल बेधडक म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की. बर्फाचा त्याला पत्ताच नव्हता. म्हणजे आपण देतो ते जबाबही कधी कधी मागाहून रचलेले असतात. हे मान्य, आणि हे बोचतंही. पण कधी कधी असतात म्हणून नेहमीच असतात का? नजर फसते हे आपल्याला कळतं ते जास्त काळजीपूर्वक पाहूनच. शिवाय शिट्टीवाल्याला एक विचारावंसं वाटतं: जाणीव काहीच घडवत नसेल, तर जाणिवेबद्दलचं तुमचं हे वाक्य तुमच्या तोंडून कोण बोलवून घेतंय? अनुभव हातापर्यंत, जिभेपर्यंत पोचत नसता, तर त्याच्याविषयी एक ओळही लिहिली गेली नसती.

विरुद्ध बाजूच्या एका भीतीबद्दलही थोडक्यात. 'हे लोकांना सांगू नका, समाज बिघडेल' असं म्हणणारे २००८ मधल्या एका प्रयोगाचा आधार घेतात. त्यात नियतिवादी उतारा वाचलेल्यांनी जास्त लबाडी केली होती. तो परिणाम पुढच्या पडताळण्यांत टिकला नाही. लोक वाटतं त्याहून चिवट असतात.

उरला सर्वांत टोकदार आक्षेप: तुम्ही स्वातंत्र्य वाचवलं नाहीत, शब्दाचा अर्थ बदललात. १७८८ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी असल्या तडजोडीला केविलवाणी पळवाट म्हटलं होतं, आणि कांट यांच्याशी वाद घालताना कुणाचाही घसा कोरडा पडावा. पण अणू या शब्दाचं काय झालं ते पाहा. त्यासाठीच्या 'अॅटम' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ज्याचे तुकडे पडत नाहीत तो. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला, पुढे केंद्रक सापडलं, तुकडे पडतात हे स्पष्ट झालं. तेव्हा 'अणू नाहीतच' असं ठरवून रसायनशास्त्र बंद केलं गेलं नाही. व्याख्येत मिरवणारा एक दावा खोटा निघाला, वस्तू जागेवर राहिली आणि तिच्याविषयीचं ज्ञान वाढलं. स्वातंत्र्याच्या जुन्या व्याख्येतही असा एक दावा आहे: कारणांच्या बाहेरून येणारं, स्वतःच स्वतःचं मूळ असणारं काहीतरी. तो मी सोडून देतो. माणसं एकमेकांना समजावतात, समजून घेतात, माफी मागतात, सवयी मोडतात, हे त्या दाव्यावर कधीच अवलंबून नव्हतं.

'आहे की नाही' यावरचा वाद थांबला तर खरी कामं समोर येतील. सतरा वर्षांच्या मुलाची कारणं त्याच्या हातापर्यंत कितपत पोचतात? कायदा अठराला रेघ ओढतो, मेंदूत अशी रेघ नाही. व्यसनात बुडालेल्या माणसाचा 'हो' किती त्याचा? मारहाणीत वाढलेल्याचा राग किती आवरण्याजोगा? यांची उत्तरं माणसागणिक वेगळी येतील, चुकतीलही.

चार्जर अजून बाहेरच्या खोलीत आहे. काल रात्री मी दोनदा उठलो. एकदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो.